कर्णेतात्या

"गुरुजी, लग्नात नवरीचा बाप न् ॲम्प्लिफायर, ह्यातलं एक जरी तापाय लागलं तर समजायचं, कुठंतरी जोडी चुकलीया."

हे वाक्य मी ऐकलं ते बदली होऊन माढ्यात आलो त्या वर्षी, एका मांडवात. बोलणारा माणूस नुकताच लिंबावरून उतरला होता. वर असताना त्याच्या पायांत चप्पल नव्हती, दातांत तारेचा तुकडा होता आणि कडेवर पोर घ्यावं तसा ॲल्युमिनियमचा भोंगा होता. भोंगा फांदीला बांधून तो खाली आला, बोट ओलं करून वर धरलं आणि परत झाडावर चढला. "वारं उपळाईकडनं हाय," असं म्हणून त्यानं भोंग्याचं तोंड चार बोटं खाली वाकवलं. मला वाटलं, लग्न आहे, काही तोफ डागायची नाही. पण मंगलाष्टकं सुरू झाली तेव्हा मागच्या बैठकीतल्या म्हाताऱ्यांनाही 'सावधान' स्पष्ट ऐकू आलं आणि पुढच्या बैठकीत कुणाचे कान किटले नाहीत.

खरं नाव रेशनकार्डावर आहे. गाव त्यांना कर्णेतात्या म्हणतं. महाभारतातल्या कर्णाशी नातं एवढंच, की त्यांच्या दारी गेलेला माणूस रिकामा परत येत नाही. निदान दोन तास ऐकून तरी येतो.

एके काळी तात्यांकडे सोळा भोंगे होते. माढेश्वरीचं नवरात्र, गावोगावचे सप्ताह, निवडणुकीच्या जीपा, बारशी, वास्तुशांती, सगळीकडे तात्या. 'हॅलो, माईक टेस्टिंग' हे शब्द ते उगाच म्हणत नसत. 'हॅलो'मधल्या 'ह'वरून त्यांना हवा कळे आणि 'टेस्टिंग'मधल्या 'स'वरून कर्कशपणा. भोंगा आणि कर्णा यांत ते फरक करतात. "ओरडतो तो भोंगा, बोलतो तो कर्णा. वस्तू एकच. आपण सांभाळतो कशी, त्यावर तिचं नाव ठरतं."

मी मराठीचा मास्तर. विज्ञानाशी माझा संबंध त्या शिक्षकांच्या शेजारी बसून डबा खाण्यापुरता. पण कर्णा काय करतो हे मला तात्यांनी एका वर्तमानपत्रात शिकवलं, म्हणजे अक्षरशः वर्तमानपत्राच्या कागदात. कागदाची पुडी वळली, टोकाला टाचणी खोचली आणि ती फिरत्या जुन्या रेकॉर्डवर अलगद टेकवली. वीज नाही, यंत्र नाही, आणि पुडीतून कुणीतरी गायला लागलं. मग पुडी काढून घेतली आणि नुसती टाचणी टेकवली. गाणारा विहिरीत पडला.

"टाचणी तेवढीच हलतीया," तात्या म्हणाले, "पण तिचं हवेला काय बी पडलेलं नाही न् हवेला तिचं. एवढीशी टाचणी, एवढं मोठं आकाश. मधी कुणीतरी पाहिजे ना? अरुंद जागेतली हवा एकदम मोकळ्यावर सोडली तर बिचकून माघारी फिरती. हळूहळू रुंद होत गेली तर तिला कळत बी न्हाय, घर कवा संपलं न् गाव कवा लागलं."

ध्वनिशास्त्राची पुस्तकं यालाच 'इम्पीडन्स जुळवणं' म्हणतात, हे मला पुढं कळलं. तात्या मध्यस्थी म्हणतात.

"आणि गुरुजी, कर्णा आधी ऐकायला शिकला, बोलायला मागनं," हेही त्यांचंच. ते खरं आहे. १९०२ साली कोलकात्यात गौहर जान गायल्या त्या कर्ण्याच्या तोंडात. तेव्हा गाणं टिपायला माईक नव्हता. १९२५च्या सुमारास विजेवरचं ध्वनिमुद्रण येईपर्यंत जगातला प्रत्येक गवई असाच कर्ण्यासमोर उभा राहून गात होता.

मग डीजे आला. छातीवर बुक्की मारणाऱ्या पेट्यांच्या भिंती आल्या आणि वारं बघून तोंड वाकवणाऱ्या माणसाचं काम संपलं. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री दहानंतर लाऊडस्पीकर बंद केला, त्याचंही तात्यांना वाईट वाटलं नाही. "बरोबर हाय. रात्री हवा खाली गार न् वर गरम आसती. आवाज वर जायचा तो वाकून परत खाली येतो. लांबच्या वस्तीवरचं पोर झोपंतनं उठतं." चौदा भोंगे विकले. दोन माळवदावर पालथे पडले. त्यातल्या एकात चिमण्यांनी घर केलं. "निदान जोडी तरी जमली," असं तात्या म्हणाले.

इथं साधा माणूस निवृत्त झाला असता. तात्यांना नेमकं इथं वेड लागलं.

बंद पडलेल्या एका टॉकीजचं सामान भंगारात निघालं. त्यात एक जुना सिनेमाचा कर्णा होता. पत्र्याचा, मधमाश्यांच्या पोळ्यासारखा खणाखणांचा, आणि खाली कपाटाएवढी पंधरा इंची स्पीकरची पेटी. तात्यांनी तो किलोवर घेतला आणि टेम्पोतून आणला. टेम्पो दारात थांबला तेव्हा काकू म्हणाल्या, "आवं, ह्ये आता कुठल्या देवाचं?" त्या दिवसापासून घराच्या बारा फूट रुंद, वीस फूट लांब आणि दहा फूट उंच माजघराचं नाव 'खोली' झालं. बाकीच्या घराला घर म्हणत. खोली म्हणजे फक्त ती.

सिनेमाचा कर्णा घरात बसवणं म्हणजे तालमीतला पैलवान पाळण्यात निजवणं. तो हजार माणसांच्या टॉकीजसाठी घडवलेला. बारा फुटांवर बसलं की वरचा आवाज वरून आणि खालचा खालून येई. तात्या म्हणत, "गवयाचं डोकं माळवदावर न् पोट फरशीवर." मग मुंबईच्या भाच्याच्या ओळखीनं त्यांनी एका बड्या दुकानात अव्हांगार्ड या जर्मन कंपनीचा 'ट्रायो' ऐकला. धोतऱ्याच्या फुलासारखे तीन रंगीत कर्णे, त्यातला मोठा जवळजवळ तीन फुटांचा. परत आल्यावर चार दिवस तात्या गप्प होते. पाचव्या दिवशी म्हणाले, "राजाची लेक हाय. सून म्हणून बघू ने. तिला आधी म्हाल पाहिजे."

तिसरं स्थळ अमेरिकेचं. पॉल क्लिप्श नावाच्या इंजिनिअरनं १९४६ साली 'क्लिप्शहॉर्न' बाजारात आणला. त्याची गंमत अशी, की त्याच्या पोटातला कर्णा घड्या घालून बसवलेला असतो आणि शेवटची घडी पेटीत नसतेच; ती घराच्या कोपऱ्यातल्या दोन भिंती पुऱ्या करतात. जाड आवाजाला तोंड मोठं लागतं. शंभर हर्ट्झच्या लाटेची लांबी सव्वातीन-साडेतीन मीटर, म्हणजे कर्ण्याच्या तोंडाचा घेरही तेवढा हवा. तात्यांच्या दोन फुटी भोंग्याचा घेर दोन मीटरही भरत नाही. म्हणून जन्मभर त्यांनी वाजवलेल्या भजनांत डग्गा कधी नव्हताच. तो लोकांनी मनातून वाजवून घेतला. क्लिप्शनं ते मोठं तोंड भिंतींकडून उसनं घेतलं.

"घरजावई!" तात्या खूश झाले. "हुंडा न्हाय, म्हाल न्हाय, नुसता कोपरा द्यायचा."

नकाशा भाच्यानं मिळवून दिला. सुतारानं तीन आठवडे फळ्या कापल्या आणि रोज एकच प्रश्न विचारला, "तात्या, आतले कप्पे वाकडे कशापाय? कपडे कुठं ठिवायचे?" शेवटी त्यानं स्वतःच्या समाधानासाठी वर एक खुंटी ठोकून दिली. ती आजही आहे. तिच्यावर तात्यांची टोपी असते.

क्लिप्शहॉर्न दोन लागतात आणि कोपरेही दोन. एका कोपऱ्यात बळद होतं, ते धान्य काढून रिकामं करता आलं. दुसऱ्यात देवघर. तात्यांनी विषय काढून पाहिला. काकूंनी फक्त एवढंच विचारलं, "देव उठून कुठं जातील, ते ठरवलंय का?" विषय तिथंच मिटला. कर्णा एकच झाला. तात्यांनी त्यातूनही तत्त्व काढलं. आपल्या आवडीच्या रेकॉर्डी सगळ्या मोनो, मग दुसरा कर्णा हवा कशाला? गवयाला तोंडं किती असतात?

आता या जावयाला ॲम्प्लिफायर बघायचा होता, आणि इथून खरी पत्रिका सुरू झाली. भिंतीवर कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूला तात्यांनी रकाने आखले. किती ओहम, एका वॅटला किती डेसिबल, शांत असताना घरघर किती. "पत्रिकेत नाडी एक आली की लग्न मोडतं," ते म्हणाले, "हितं ओहम एक आला तरच जमतं. बामनाला सांगू नका."

अडीचशे वॅटचा जुना ॲम्प्लिफायर जोडला तर कर्ण्यातून आधी गाणं नाही, ॲम्प्लिफायरचा श्वासच ऐकू आला. तो दोष ॲम्प्लिफायरचा नव्हता. साधी घरगुती पेटी एका वॅटला मीटरभर अंतरावर ८७ डेसिबल देते आणि हा कर्णा १०५. फरक अठराचा. दर तीन डेसिबलला ताकद दुप्पट, म्हणजे सहा वेळा दुप्पट. ज्या आवाजाला त्या पेटीला ६४ वॅट लागतात, तो हा एका वॅटमध्ये काढतो. मग त्याला कुजबुजही मोठीच ऐकू येणार. मांडवात न ऐकू येणारी घरघर माजघरात पाहुणी म्हणून येऊन बसली.

"ह्येला पैलवान नगं, पुजारी पाहिजे," तात्यांनी निकाल दिला. जगातल्या शौकिनांचंही मत तेच. वेस्टर्न इलेक्ट्रिकचा ३००बी हा १९३८चा काचेचा व्हॉल्व्ह. एकटा बसवला तर जेमतेम आठ वॅट देतो आणि त्या आठ वॅटवर माणसं जीव ओवाळून टाकतात. हे ऐकून काकू म्हणाल्या, "आठ? आवं, देवघरातला झिरोचा बल्ब पंधराचा हाय." तात्यांना ३००बी परवडणारा नव्हता. त्यांनी जुन्या रेडिओतल्या ईएल-८४ व्हॉल्व्हवर पाच वॅटचा ॲम्प्लिफायर स्वतः बांधला. रात्री शेतातल्या मोटारी सुरू झाल्या की व्होल्टेज उतरे, व्हॉल्व्ह निखाऱ्यासारखे मंद होत आणि तात्या काळजीनं त्यांच्याकडे बघत बसत, तापातल्या लेकराकडे बघावं तसे.

कर्णा जमला, ॲम्प्लिफायर जमला. अडून बसली ती खोली. माळवदाचं घर, दोन हात जाड पांढऱ्या मातीच्या भिंती, वर लाकूड आणि माती, खाली शहाबादी फरशी. तात्या मधोमध उभे राहून टाळी वाजवत आणि टाळी संपल्यावरही काहीतरी उरे. त्या उरलेल्या टाळीनं त्यांची झोप उडवली. भिंतींवर सोलापुरी चादरी टांगल्या. ज्वारीची पोती कोपऱ्यात रचली, ती आठवड्याला जागा बदलत. पाहुणे विचारत, "औंदा ज्वारी लई झाली का हो?"

आणि माणसांना बंदी झाली. ऐकताना कुणी खोकायचं नाही, पिशवी वाजवायची नाही, चहाचा कप बशीत ठेवायचा नाही. उजवा कान भोंग्यांनी खाल्लाय, म्हणून तात्या तिरके बसत, डावा कान पुढं. दार आतून बंद. चाळीस वर्षं ज्या माणसानं अख्ख्या गावाला ऐकवलं, तो आता एकटा ऐकू लागला, आणि तेही समाधानानं नव्हे. रेकॉर्ड अर्ध्यात थांबवून टाळी वाजवायचा, पोतं हलवायचा, पुन्हा सुई टेकवायचा. काकू म्हणाल्या, "पूर्वी ह्यांच्यामुळं गावाला झोप न्हवती. आता ह्यांना न्हाय."

मागच्या जानेवारीत पुण्याचे एक डॉक्टर आले. त्यांनाही हेच वेड. गाडीच्या मागच्या सीटवर खऱ्या ३००बीचा ॲम्प्लिफायर पट्टा लावून बसवलेला. ठरलं असं, की कर्णा एकच, ॲम्प्लिफायर दोन. दोन्ही चादरीमागे. तात्यांचा नातू मागे बसून तारा बदलणार आणि कुणाला काही सांगणार नाही. डॉक्टर पद्धतशीर. मोबाईलवर डेसिबल मोजून दोघांचा आवाज त्यांनी काटेकोर सारखा केला. "जो किंचित मोठा, तो नेहमी चांगला वाटतो." तात्यांनी मान डोलावली, आवाजाचे पैसे घेऊन जगलेल्या माणसाला हे नव्यानं सांगायला नको.

परीक्षेला रेकॉर्ड अब्दुल करीम खाँसाहेबांची. पहिली फेरी. आम्ही तिघे, दार बंद. सुरावट आली; पण वरच्या सुराला एक टोक होतं, रेशमात टाचणी राहावी तसं. डॉक्टरांनी वहीत लिहिलं. तात्यांनी कॅलेंडरवर लिहिलं. मी काही लिहिलं नाही, कारण मला टोक दिसलं की ते माझ्याच कानात असेल असं वाटतं.

तेवढ्यात गल्लीत उसाचा ट्रॅक्टर अडकला. मागे दोन ट्रॉल्या, पुढे डॉक्टरांची गाडी, आणि ट्रॅक्टरवरचा टेप असा की खाँसाहेबांनीही क्षणभर मान वळवली असती. गाडी कुणाची म्हणून माणसं आत आली. काकूंनी चहा टाकला होता, तो बघून बसली. थंडी कडाक्याची, कुणाच्या अंगात स्वेटर, कुणाच्या डोक्याला मफलर, आणि शेजारचे अण्णा तर घोंगडीसकट. बंदी मोडली होती, पण पुण्याच्या पाहुण्यासमोर तात्या काही बोलू शकले नाहीत. डॉक्टरांनी गाडी मागं घेतली, ट्रॅक्टर गेला, दुसरी फेरी सुरू झाली.

आणि टोक गेलं. खाँसाहेब पुढच्या भिंतीतून निघून आमच्यात येऊन बसले. शब्द सुटे झाले, तंबोरा मागे सरकला. डॉक्टर डोळे मिटून म्हणाले, "हा माझा." तात्या म्हणाले, "आवं, ह्यो माझा!" दोघांचंही ठाम मत की दुसरी फेरी पहिलीपेक्षा फार वरची. चादर बाजूला केली. मागं नातू नव्हता. तो पहिल्या फेरीनंतर ट्रॅक्टर बघायला गेला होता, तो तिकडंच. तार होती तिथंच. दोन्ही वेळा तात्यांचा पाच वॅटवालाच वाजला होता.

डॉक्टरांनी वही मिटली. चांगला माणूस, स्वतःलाच हसले आणि म्हणाले, "म्हणजे सगळा मनाचा खेळ."

तात्या हसले नाहीत. ते माणसं मोजत होते. "सात... न् अण्णाची घोंगडी." मग उठून टाळी वाजवली. सगळ्यांना म्हणाले, "जरा भाईर व्हा." माणसं चहाचे कप घेऊन ओट्यावर गेली. टाळी वाजवली. "या आत." टाळी. "अण्णा, घोंगडी काढा." टाळी. मग डॉक्टरांकडे वळले. "मनाचा न्हाय, डॉक्टर. ॲम्प्लिफायर बदलला न्हाय हे खरं. पर खोली बदलली."

डॉक्टर थोडा वेळ स्तब्ध राहिले. मग त्यांनी आम्हाला वॉलेस सॅबाइनची गोष्ट सांगितली. १८९५ साली हार्वर्ड विद्यापीठाच्या एका नव्या व्याख्यानगृहात बोललेलं कुणाला कळेना, म्हणून या तरुण प्राध्यापकाला काम दिलं गेलं. शेजारच्या नाट्यगृहातल्या खुर्च्यांच्या गाद्या तो रात्री उचलून आणी, एकेक गादी मांडून आवाज किती वेळ रेंगाळतो ते मोजी आणि सकाळच्या आत परत नेऊन ठेवी. त्यातून नियम निघाला, की खोली जेवढी मोठी तेवढा आवाज रेंगाळतो आणि तिच्यात मऊपणा जेवढा जास्त तेवढा लवकर विरतो. माणूसही त्या मऊपणात मोजला जातो. अंगावरच्या कपड्यांनीसुद्धा आकडे बदलतात हे कळल्यावर सॅबाइन मोजणीला ठरलेलेच कपडे घालू लागला.

"गाद्या रात्री चोरायचा?" काकूंनी विचारलं. "म्हंजे त्येच्या बायकोला बी हाच ताप."

डॉक्टर दुसऱ्या दिवशी पुण्याला गेले. तात्यांनी ज्वारीची पोती खोलीबाहेर काढली, भिंतीवरच्या चादरी उतरवून धुवायला दिल्या आणि दाराची आतली कडी काढून टाकली. आता कॅलेंडरवर ओहमच्या शेजारी नवा रकाना आहे. त्यात गावातली माणसं आहेत. आमचा शिपाई म्हणजे सव्वा माणूस, कारण त्याचा कोट जाड. धोतरवाला पँटवाल्याहून बरा. टेरिकॉटवाल्याला खिडकीजवळ बसवायचं, तो काही पीत नाही. "पीत न्हाय" म्हणजे आवाज; चहा सगळेच पितात, आणि तो रकाना काकू वेगळा ठेवतात. खोकल्याची बंदी उठली. "खोकणारा माणूस बी पोत्यापरीस चांगला," तात्या म्हणतात. "पोतं उठून विचारत न्हाय, आता काय लावताय म्हणून."

परवा संध्याकाळी त्यांचा फोन आला. "गुरुजी, आज रात्री या. अण्णा गावाला गेलेत, घोंगडी कमी पडतीया. तुमच्याकडं सत्काराची शाल आसंल ना? ती पांघरूनच या."

शिक्षकदिनाच्या शालीचा एवढा उपयोग आजवर कुणी केला नव्हता. मी गेलो. दारात काकू ट्रे घेऊन उभ्या होत्या.

"गाणं ऐकायला आलाय का खोलीसाठी?"

"खोलीसाठी," मी म्हणालो.

"मग त्या देवघराशेजारी बसा," काकू म्हणाल्या. "तिथं जरा घुमतंय."